हंगामाची वजनं

"तिच्यावर नजर ठेव," असं सासूबाईंनी मला सांगितलं तेव्हा मी रेवाला पाजत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले होते. चैत्र अर्धा सरला होता. सासूबाईंच्या हातात गुळाची भेली होती आणि ती निम्मी झाली होती.

"हे पाह्य. पोटाले टाके घालून आली, पन जीभ तं मोकरीच हाय ना तिची."

"उंदीर असतील, मामी." सासूबाईंना मी मामी म्हणते.

"उंदराले दात राह्यते, रुखमा. हे बोटानं कोरल्यावानी हाय."

मी रेवाचं तोंड पुसत राहिले. खरं सांगायचं तर गूळ मी घेत होते. दुपारी घर निजलं की एक खडा, सुपारीएवढा, वर दोन घोट पाणी. अंगावर पिणारं लेकरू असलं की दुपारी तीन वाजता जी भूक लागते ती ज्या बाईला लागली तिलाच माहीत. पण सुपारीएवढा खडा कुठं आणि अर्धी भेली कुठं? म्हणजे बाकीचा कोणीतरी दुसरं खात असणार. हा विचार आला आणि मला हायसं वाटलं. आज लिहिताना त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटते.

सासूबाईंचा रोख शकुनबाईंवर होता. शकुनबाई माझ्या मोठ्या जाऊबाई. मी दिघोरीला लग्न होऊन आले तेव्हा त्या एका जागी बसल्या की उठायला दोन माणसं लागत. चार पावलं चालल्या की धाप. गुडघे सुजलेले. त्यांना लेकरू नव्हतं. रेवा झाली तेव्हा दहा दिवस माझी न्हाणी, शेक, बाळाचे लंगोट, सगळं त्यांनी बसल्या जागेवरून केलं. "मी तं ढोलाच हावो," म्हणायच्या. "मायात टाका, भरून ठेवा." ढोला म्हणजे धान साठवायची बांबूची मोठी कणगी, शेणामातीनं लिंपलेली. आमच्या मधल्या खोलीत तो होता, माणसाच्या डोक्याच्याही वर.

चौऱ्याऐंशीच्या दसऱ्याआधी पित्ताच्या खड्यांसाठी त्यांना नागपूरला नेलं. तिथे परदेशात शिकून आलेले एक डॉक्टर होते. खडे काढायचेच आहेत तर सोबत पोटाची थैलीही टाके घालून लहान करून देतो, म्हणाले. वाटीभर खाल्लं की पोट भरेल, वजन उतरेल, गुडघे वाचतील. दवाखान्याच्या काट्यावर त्या दिवशी एकशे बारा किलो भरल्या होत्या.

घरी आल्या तेव्हा अख्खा गाव पाहायला लोटला. गिरणीवरचे हमाल दारावरून जाताना विचारत, "काय जी केवळरामभाऊ, बोरा शिवला का? सुतळीनं शिवला का दोऱ्यानं?" केवळराम म्हणजे शकुनबाईंचे मालक, माझे भासरे. गावच्या भात गिरणीवर ते काटेदार होते. लोक धान विकायला आणत, भासरे तोलत.

भासऱ्यांबद्दल एक सांगायला पाहिजे. आमच्यात धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी बोलत नाही. समोर येत नाही, त्यांच्या सावलीवर पाय देत नाही. जेवायला वाढायचं तर डोक्यावरून पदर ओढून, दाराआडून ताट सरकवायचं. दोन वर्षांत त्यांनी माझा आवाज ऐकला असेल तो फक्त रेवाला निजवतानाचा. काही सांगायचंच झालं तर लेकराच्या नावानं सांगायचं. "रेवा, मोठ्या बाबाले मना, पानी तापलं." 'मना' म्हणजे 'म्हणावं'. तेही मी फारतर दोनदा केलं असेल.

डॉक्टरांनी एक वही दिली होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपाशीपोटी, एकाच काट्यावर वजन करायचं, वहीत लिहायचं आणि कार्डावर कळवायचं. मी मोहाडीची, मॅट्रिकपर्यंत शिकलेली, म्हणून वही माझ्याकडे आली. काटा कोणता, हा प्रश्नच नव्हता. गिरणीचा. आमच्या गावात भांडण लागलं की लोक देवळात जात नसत, गिरणीवर जात. काट्यावर ठेवलं की बोलणं संपलं.

तो काटा म्हणजे जमिनीलगतची एक फळी, बाजूला खांब, खांबावर आडवी दांडी. दांडीच्या टोकाला खाच असलेल्या लोखंडी चकत्या अडकवायच्या. चकती हातात मावते, पण तिच्यावर पन्नास किलो लिहिलेलं असतं. शकुनबाई भिंतीला धरून फळीवर चढत, भासरे चकत्या अडकवत, मी दाराबाहेर पदराआड वही घेऊन उभी.

कार्तिकात, ऑपरेशनला महिना होतो न होतो तोच, चौऱ्याण्णव. मी दोनदा विचारायला लावलं. चौऱ्याण्णवच. एका महिन्यात अठरा किलो! हमालांची बोलती बंद. शकुनबाई घरी येईपर्यंत हसत होत्या, हसता हसता धाप लागली तरी हसत होत्या.

डॉक्टरांचं उलट कार्ड आलं. 'फार छान. पण इतकं उतरायला नको. काटा बरोबर आहे का, पाहून घ्या.'

मी काय लिहिलं ते मला पाठ आहे. 'काटा गिरणीचा आहे. तो खोटा नसतो.'

मग एकोणनव्वद. मग पंच्याऐंशी. संक्रांतीच्या महिन्यात भासरे बाहेर गेल्यावर मीही गमतीनं फळीवर उभी राहिले, एका हमालानं चकत्या लावल्या, चाळीस भरले. त्याच आठवड्यात रेवाला टोचायला उपकेंद्रात नेलं तर नर्सबाईंनी माझंही वजन केलं. चव्वेचाळीस.

"तुमचा काटा बिघडला जी," मी म्हटलं.

"असंल बाई," नर्सबाई म्हणाल्या. "सरकारी मालाचा काय भरवसा!" आणि आम्ही दोघी हसलो.

माघात त्र्याऐंशी, फाल्गुनात एक्याऐंशी. शकुनबाई स्वतःच्या पायांनी तलावावर जायला लागल्या. बशीत दोन घास मऊ भात, मुगाचं पातळ वरण, एक घास बत्तीसदा चावायचा. एक घास जास्त झाला की ओकारी. लग्नात पंगतीत बसल्या तर बाया टक लावून पाहत. "अवो, आमच्या घरचं अन्न गोड नाही लागत का? का आतून काही रोग लागला?" कोणी म्हणे क्षय, कोणी म्हणे कोणाची तरी बाहेरची नजर. शकुनबाई हसून पत्रावळ झाकत. जेवण टाकून उठणाऱ्या बाईवर माणसं जितका संशय घेतात तितका चोरावरही घेत नाहीत, हे मी त्या लगीनसराईत पाहिलं.

आणि चैत्रात काटा अठ्ठ्याऐंशीवर गेला.

सात किलो वर. भासरे दांडीकडे पाहत राहिले, आकडा हळू सांगितला आणि बाहेर निघून गेले. शकुनबाई फळीवर तशाच उभ्या. "रुखमा, लिव्ह," म्हणाल्या, "लिव्ह ना, काय पाहून राहिली?"

त्याच आठवड्यात ती गुळाची भेली निघाली.

कार्डाचं उत्तर आलं तेव्हा मी ते शकुनबाईंना एकटीला वाचून दाखवणार होते, पण सासूबाई ऐकायला येऊन बसल्या. 'वजन वाढलं म्हणजे पेशंट चोरून गोड किंवा पातळ खात आहे, नाहीतर आतले टाके उसवले. खाणं निम्मं करा. जूनच्या दुसऱ्या सोमवारी घेऊन या. पंच्याहत्तरच्या आत नसेल तर पोट पुन्हा उघडून पाहावं लागेल.'

"म्या काही चोरून नाही खाल्लं, मामी," शकुनबाई म्हणाल्या.

"मंग काय हवा खाऊन वाढली?"

मी कार्डाची घडी करत राहिले. तोंड उघडून 'गूळ मी खाल्ला' एवढं म्हणायचं होतं. नाही म्हटलं. सासूबाईंच्या नजरेत आता शकुनबाई होत्या, आणि त्या नजरेबाहेर राहणं मला सोयीचं होतं.

पहिल्या ऑपरेशनला शकुनबाई हसत गेल्या होत्या. दुसऱ्याचं नाव काढलं की त्यांचे ओठ पांढरे पडत. "पयल्या वेळेस मले तीन दिवस शुद्ध नव्हती," त्या एकदा रेवाला मांडीवर घेऊन म्हणाल्या. "या वेळेस उघडन तं बंद करन का नाही, कोनाले माहीत? या पोट्टीचं चालनं पाहाचं होतं वो मले."

मी नजर ठेवायला लागले. सासूबाईंनी सांगितलं म्हणून, आणि खोटं कशाला बोलू, मलाही खात्री करून घ्यायची होती. भाताचे घास मोजले. दुधाच्या गंजाला बोटानं खूण केली. गंजातलं कमी होत नव्हतं, पण रोज दुपारी शकुनबाई ढोल्याच्या खोलीत जात आणि आतून कडी लावत. अर्ध्या घटकेनं बाहेर येत तेव्हा कोपरांना धानाचा तूस चिकटलेला असे. ढोल्यात हात घालून त्या काय करत होत्या? आमच्याकडे बाया पैसा, दागिना, खाऊ, जे लपवायचं ते धानात लपवतात. मी दाराला कान लावला. एकदा हुंदक्यासारखं काही ऐकू आलं. मला ते चावण्यासारखं वाटलं. संशय असला की कानही आपल्या मनासारखं ऐकतात.

वैशाखात शहाऐंशी. कार्ड टाकलं. उत्तरात एकच ओळ होती. 'तारीख चुकवू नका.'

मग मात्र काहीतरी उलटंच दिसायला लागलं. शकुनबाईंच्या गालांची हाडं वर आली. केस विंचरले की फणी भरून जाई. भांडी घासताना हात थरथरत. चोरून खाणारी बाई अशी दिसते? सासूबाई म्हणत, "सोंग हाय." मी म्हणत होते, काय आहे ते ढोल्यात आहे.

जूनच्या दुसऱ्या सोमवारआधीच्या गुरुवारी सकाळी शकुनबाई गोठ्यात नांदीजवळ पडल्या. शेणाची टोपली हातातच होती. मी आणि सासूबाईंनी धरून आणून निजवलं, तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडले आणि परत मिटले. सासूबाई घाबरून वैदूला आणायला गेल्या. मी पेज चमच्यानं पाजायला गेले तर शकुनबाईंनी दात घट्ट मिटले.

"बाई, दोन चमचे घ्या."

मान हलवली.

मी रेवाला त्यांच्या कुशीत ठेवलं आणि सरळ ढोल्याच्या खोलीत गेले. जे काही लपवलंय ते काढून सासूबाई यायच्या आत फेकून द्यावं, एवढंच डोक्यात होतं. ज्येष्ठ महिना, धान तळाला गेलेलं. पाटावर उखळ ठेवलं, त्यावर चढले आणि ढोल्यात कमरेपर्यंत वाकले. धानात हात फिरवला. आधी सुतळी लागली. मग फडक्यात बांधलेलं काही जड.

सुतळीला गाठी होत्या. फडक्यात चार लोखंडी चकत्या निघाल्या. पन्नास, पन्नास, वीस, दहा. दर महिन्याला दुरून पाहिलेल्या, दांडीला अडकवायच्या तसल्याच. उलटून पाहिल्या. खऱ्या वजनाच्या पोटाला एक भोक असतं, त्यात शिसं भरून सरकारी शिक्का मारलेला असतो. इथं शिक्का नव्हता. शिसं भोकाबाहेर फुगलं होतं, गाठोडं बांधल्यासारखं.

मी ते पदरात घेऊन शकुनबाईंजवळ बसले. त्यांनी पाहिलं आणि डोळे मिटले.

"तुले सापडलं का," एवढंच म्हणाल्या.

"हे काय हाय, बाई?"

"हंगामाची वजनं." त्यांचा आवाज इतका बारीक होता की मला ओठांजवळ कान न्यावा लागला. "कार्तिकापासून फागुनापर्यंत लोक धान विकाले आनते ना, तवा आमचे हे असे वजन लावते. जड वजन म्हून माल कमी भरते. चैत्रात वजनमापवाला साहेब शिक्के पाहाले येते, तवा हे घरी आनते अन् खरे लावते."

"म्हणजे तुमी..."

"मी वाढलीच नाही वो." त्यांनी सुतळी हातात घेतली. "हे पाह्य. दर महिन्याले कमरेले लावून गाठ मारत होती. चैत्रात बी गाठ आतच आली. वैशाखात बी. मले वाटलं, काटा वाढला अन् सुतळी कमी झाली, असं कसं? मंग इथंच ढोल्यात हात घालताना पाह्यलं म्या यायले. समजलं मले."

माझ्या डोळ्यांपुढे नर्सबाईचा काटा आला. चव्वेचाळीस आणि चाळीस. 'काटा गिरणीचा आहे, तो खोटा नसतो.' ते मी माझ्या हातानं लिहिलं होतं.

"मग बोलल्या काहून नाही?"

"कोनाले बोलू? पूर्ण गावाचं धान त्या काट्यावर गेलं हाय. कळलं तं लोक यायचे हात तोडन. गिरणीचा शेठ म्हनन, मले काय माहीत, काटेदारानं केलं." त्यांनी सुतळीची गाठ चाचपली. "म्या म्हनलं, सोमवारपर्यंत उपाशी राहू. पंच्याहत्तर झाली का झालं. खराच काटा खोट्या आकड्यावर येऊन जाईन. मंग कोनाचं काही नाही जात."

"किती दिवस झाले जेवल्याले?"

त्यांनी रेवाचे केस मागे सारले. रेवा त्यांचा पदर ओढत होती.

"मोठ्या बाबाले माहीत हाय?" मी विचारलं. "तुमी उपाशी हाव ते?"

"यायले वाटते, मी जेवते." मग चेहरा भिंतीकडे वळवून म्हणाल्या, "का वाटून घेते, देव जाने. तू काही बोलू नको, रुखमा. तुले माया गळ्याची आन."

भासरे बारा वाजता जेवायला आले. सासूबाई वैदूला घेऊन अजून आल्या नव्हत्या, माझे मालक पवनीला नोकरीवर, शनिवारी येणार. घरात दुसरं कोणी नव्हतं. भासऱ्यांनी हातपाय धुतले, पाटावर बसले. मी दाराआडून ताट सरकवलं. भात, लाखोळीचं वरण, आंब्याची फोड. आणि वरणाच्या वाटीशेजारी पन्नासची एक चकती.

गळ्याची आण घातली होती. पण आण मला घातली होती, रेवाला नाही.

मी पदर ओढून चौकटीआड बसले, रेवाला मांडीवर घेतलं. 

"रेवा," मी म्हटलं. तिनं वर पाहिलं. परत म्हटलं, "रेवा, मोठ्या बाबाले पूस, ताटात काय हाय मना."

पलीकडे ताट जरा सरकल्याचा आवाज आला.

"मोठी माय सकारी नांदीजवळ पडली मना. किती दिवसांची उपाशी हाय, विचारलं तं सांगत बी नाही मना. पंच्याहत्तर व्हायचं हाय तिले. सोमवारी डॉक्टर तिचं पोट फाडन मना, रेवा, अन् आत काहीच उसवलेलं नाही. मोठ्या बाबाले हे माहीत हाय का, पूस."

गल्लीतून एक बंडी गेली.  रेवा माझ्या मांडीवरून उतरली आणि रांगत उंबऱ्यावरून पलीकडे गेली. मला तिला धरायला जाता येईना. चौकटीच्या फटीतून मी पाहिलं. तिनं ताटात हात घातला, चकती धरली, ओढली. चकती ताटाच्या काठापर्यंत आली. पायावर पडली असती. भासऱ्यांनी ती पटकन हातात घेतली आणि तशीच धरून बसले. रेवा भाताची शितं तोंडात घालत होती.

मग ते म्हणाले, "रेवा, मले वाटलं मोठी माय जेवते. ताट तं रोज रिकामं दिसे."

"गाईले घालत असन मना," मी म्हटलं.

चकती जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. मग, "तुया मायले सांग, कागद आन मना."

मी वहीतून कार्ड काढलं. त्यांनी दुरूनच पाहिलं. "कार्ड नको मना. पोस्टमन वाचते. निळं आन."

त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला! बायको मरायला टेकली होती आणि यांना पोस्टमनचं. पण मी निळं अंतर्देशीय आणलं. ते रेवाला सांगत गेले, मी चौकटीआड लिहीत गेले. शंभर किलोचे नव्वद दिसतात. कार्तिक ते फाल्गुन. वजनं शेठनं दिली, लावली मी. चैत्रापासूनचे आकडे खरे. बायकोनं चोरून काही खाल्लं नाही. शेवटी म्हणाले, "खाली मायं नाव लिव्ह मना. पूर्ण." आणि मग, "पोस्टात नको टाकू. सोमवारी मीच घेऊन जातो. मीच देतो."

मी पत्र उंबऱ्यावर ठेवलं. त्यांनी घडी करून खिशात घातलं. जेवले नाहीत. आत गेले आणि मला पेजेची वाटी वाजल्याचा आवाज आला, मग शकुनबाईंचा, "राहू द्या जी," मग परत वाटीचा.

मला त्यांचा भरवसा नव्हता. रेवा निजल्यावर मी तेच पत्र आठवून दुसऱ्या कागदावर जसंच्या तसं उतरवलं आणि शकुनबाईंच्या पोलक्याच्या अस्तरात शिवून दिलं.

"हे कायले?" त्या म्हणाल्या.

"मोठ्या बाबाच्या खिशाले भोक पडलं तं."

 रागावतील असं वाटलं. पण त्यांनी अस्तरावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "टाके बारीक घातले वो तू. डॉक्टरपेक्षा बरे."

नागपूरचं मला त्यांनीच सांगितलं, आठ दिवसांनी, परसात वाटीभर खिमट घेऊन बसल्या असताना. दवाखान्यात काट्यावर त्र्याऐंशी भरल्या. डॉक्टर चिडले. मोठ्या डॉक्टरांनी लहान डॉक्टरांना काही सांगितलं, नर्सनं अंगावर हिरवा कपडा टाकला.

"हे बाकड्यावर बसून. खिशावर हात. काढतच नाही. डॉक्टर म्हनते, उद्या सकारी उघडू. तरी काढत नाही. म्या पोलक्याले हात घातला, टाका उसवाले. यायनं पाह्यलं ते. तवा उठले."

"मग?"

"मंग डॉक्टरनं वाचलं. दोनदा वाचलं. वहीतले आकडे घेऊन काही गुनाकार केले. पांढरं औषध पाजून फोटो काढला. टाके जागेवरच हाय म्हने. अन् यायले इंग्रजीत काही बोलले. इंग्रजी होतं म्हून बरं." त्यांनी एक घास चावला, मोजून. "मले म्हनले, बाई, आता तुमी उपाशी राह्यल्या तं मी तुमाले मारीन. दिवसाले चार वाट्या अन् एक अंडं. मामीले अंड्याचं कोन सांगन?"

सासूबाईंना अंड्याचं मी सांगितलं. सोबत गुळाचंही. कार्तिकापासून चैत्रापर्यंत रोज एक सुपारीएवढा खडा. हिशेब केला तर बरोबर अर्धी भेली होते. दुसरं कोणी खाल्लंच नव्हतं. सासूबाईंनी ऐकून घेतलं, भिंतीला टेकून बसल्या, मग म्हणाल्या, "मागत काहून नाही वो तू? पाजनारीले कोन नाही म्हनते?" आणि उठून गेल्या. शकुनबाईंची माफी त्यांनी मागितली नाही, पण दुसऱ्या दिवशी चुलीमागच्या गंजात एक अंडं उकळत होतं आणि त्यावर झाकण होतं.

आता पुन्हा कार्तिक आहे. गिरणी सुरू झाली. भासरे म्हणतात, ती वजनं त्यांनी तलावात टाकली. शेठनं नवी दिली नाहीत, असंही म्हणतात. म्हणजे रेवाला म्हणतात. ती आता चालते आणि अर्धं बोलते. मागच्या आठवड्यात मी गिरणीवर गेले आणि पदर खाली ओढून, पहिल्यांदाच भासऱ्यांसमोर, फळीवर उभी राहिले. नर्सबाईच्या काट्यावर मी सकाळीच पंचेचाळीस भरून आले होते. भासऱ्यांनी चकत्या लावल्या. पंचेचाळीस. पण फळीवर कोण उभं आहे हे तर त्यांना दिसत होतं.

काल नवं धान ढोल्यात ओतलं. काठोकाठ भरला. आज सकाळी मी उखळावर चढून खांद्यापर्यंत हात घालून पाहत होते, तेव्हा मागून आवाज आला.

"काय शोधून राहिली वो?"

"काही नाही, बाई."

शकुनबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या कोपराला तूस चिकटलेला होता.

"म्या बी पहाटं पाह्यलं," त्या म्हणाल्या. "हाताले तं काही नाही लागत."

ढोल्याच्या तळाला हात पोचायचा तर चैत्र यावा लागतो. मी खाली उतरले. पहिला रविवार होता, आम्हाला नर्सबाईकडे जायचं होतं. शकुनबाईंचं वजन आता तिथेच करतो. वही मी घेतली, सुतळी त्यांनी. निघताना मी ओट्यावरच्या वाटीत डोकावले. तळाशी चार शितं उरली होती.

"वजन झाल्यावर खाते ना वो," शकुनबाई ओरडल्या. "उपाशीपोटी जायचं राह्यते, विसरली का? कवापर्यंत नजर ठेवशीन मायावर?"

"ही वाटी मग कोणाची?"

"तुया पोट्टीची. पूस तिले."

रेवाच्या गालाला भात लागलेला होता. तरी मी विचारलं.